कोरी राहायला हवी होती ती काच

जी काच कोरी राहायला हवी होती ती तपकिरी झाली. एवढंच झालं, बाकी काही नाही. कुणी किंचाळलं नाही, काही फुटलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखी लॅबमध्ये गेले, आणि टोपी काढायच्या आधीच ल्युदमिला पेत्रोव्नांनी मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले. "ये बाई आयझिरेक, बघ. तुझं कोलाजेन आता जिथं नाही तिथंसुद्धा उगवायला लागलंय." ल्युदमिला पेत्रोव्ना चाळीस वर्षं मांसाचे कापे काढून काचेवर चिकटवतायत आणि टोमण्याशिवाय त्यांना बोलता येत नाही, म्हणून मी हसत हसतच वाकले. तपकिरी. उंदराच्या यकृताचा कापा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि त्यावर तोच माझा लाडका तपकिरी, जाळीदार, धागेदार, ज्याच्या जिवावर मी तीन आठवड्यांपूर्वी विज्ञान स्पर्धेत अख्ख्या बिश्केकमध्ये पहिली आले होते. "यावर पहिली बाटली घातलीच नाहीये," त्या म्हणाल्या. "नुसती दुसरी." माझ्या तोंडात एकदम लोखंडाच्या चवीचं पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

हे कुणालाही समजेल. मी अकरा परीक्षकांना समजावलंय आणि त्यातले सहा पेंगत होते. कोलाजेन म्हणजे शरीरातली दोरी. कातडी, कूर्चा, जखमेचा वण, सगळं तिचंच विणकाम. थंडीत अपा, म्हणजे माझी आई, बैलाचे पाय दिवसभर उकळून बाल्कनीत ठेवते, त्याचा गोठून जो थरथरणारा, लिबलिबीत, बोट लावलं की परत जागेवर येणारा प्रकार होतो, तेही तेच. यकृतात किड्याचा फोड झाला की शरीर त्याच्याभोवती याच दोरीची भिंत बांधतं. ती काचेवर ओळखू यावी म्हणून अँटिबॉडी सोडायची. आमची मोनोक्लोनल आहे, म्हणजे एकाच पेशीची सगळी पिल्लावळ, हुबेहूब एकसारखी, सगळ्यांना मिळून एकच गोष्ट ओळखता येते. 'एकाच वासावर सोडलेली कुत्री,' मी परीक्षकांना म्हणाले होते, आणि टाळी पडली होती. पण ही पहिली अँटिबॉडी बिनरंगाची. ती कुठं चिकटली हे कळावं म्हणून मागून दुसरी सोडायची. ती पहिलीला धरते आणि तिथं तपकिरी रंग चढतो. आता, पहिली बनलेली असते उंदरापासून. दुसरीला शिकवलेलं असतं एवढंच, की उंदराची अँटिबॉडी दिसली की धर. माणसाच्या यकृतावर हे झकास चालतं, कारण माणसात उंदराचं काही नसतं. आमच्या लॅबमध्ये रोज माणसांचीच यकृतं येतात, ऑपरेशनवरून थेट, डबीत घालून, त्यामुळे हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. माझा गेला. लॅबच्या प्रमुख उल्कान-एजे शेजारी उभ्या होत्या, त्यांनाही काही खटकलं नाही. फक्त माझी यकृतं उंदरांची होती, आणि उंदराचं यकृत उंदराच्याच अँटिबॉडींनी तुडुंब भरलेलं. दुसरीनं कशाला विचारत बसायचं? दिसेल ते धरलं. माझ्या स्पर्धेच्या फोटोतली ती देखणी भिंत म्हणजे भिंतच नव्हे.

"जानेवारीत तू कोरी काच ठेवली नव्हतीस?" ल्युदमिला पेत्रोव्नांनी विचारलं. जानेवारीत त्या गुडघा धरून घरी होत्या.

"वेळ नव्हता."

"कोऱ्या काचेला काय गं वेळ लागतो? तिच्यात उलट एक काम कमीच असतं."

खिडकीबाहेर कोळशाचा धूर इतका दाट होता की समोरची इमारत पुसल्यासारखी झाली होती, आणि लॅबमध्ये फॉर्मालिनचा तो गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास. सप्टेंबरात पहिल्यांदा इथं आले तेव्हा त्या वासानं मी जिन्यात बसून राहिले होते. मग सवय झाली, आणि सवय झाल्याचा मला केवढा अभिमान! वर्गातल्या मुली कँटीनमध्ये मांसाचा तुकडा ताटाच्या कडेला सारायच्या आणि मी मुद्दाम सांगायचे, आज काय पाहिलं, मुठीएवढा फोड, आत स्वच्छ पाणी, पाण्यात वाळूसारखी किड्याची पिल्लं. त्या "शी!" म्हणून ओरडायच्या आणि मला वाटायचं, मी मोठी झाले. गेल्या वर्षापर्यंत मी तोंडावर हात धरून बोलायचे. दात पुढे आहेत म्हणून नाही, दात बरे आहेत. काही बोललं आणि ते चुकलं तर निदान अर्धं तरी हाताआड राहील म्हणून. तो हात या तपकिरी रंगानं खाली आणला. आणि आता मला त्याच रंगाची शिसारी येत होती. नीट पाहिलं तर तो कधीही न घासलेल्या दातांचा रंग आहे, चहाच्या पातेल्याच्या तळाचा, मोरीत साचलेल्या केसांचा.

पण खरी किळस त्या रंगाची नव्हती, हे मला तिथंच स्टुलावर बसून कळत होतं आणि मी ते कळून घेत नव्हते. किड्याची लागण केलेल्या उंदरांपैकी निम्म्यांना मी काढा पाजला होता, निम्म्यांना साधं पाणी. शेवटी रंग चढवायचं द्रव्य काचेवर घातलं की घड्याळ लावून थांबायचं असतं, सगळ्या काचांना सारखंच. पाण्याच्या उंदरांच्या काचा मी वेळेवर धुतल्या. काढ्याच्या उंदरांच्या काचा हातात धरून बघत राहिले. अजून थोडा येऊ दे, अजून थोडा, आता कसा छान दिसतोय. खोटं करतेय असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटत होतं की मी वाट बघतेय. जे आहेच, ते वर येण्याची वाट. बाटलीची चूक अख्ख्या लॅबची. पण ती दोन-तीन मिनिटं माझी एकटीची होती, ती ल्युदमिला पेत्रोव्नांना माहीत नव्हती, आणि मी त्यांना सांगितलीही नाही.

तो काढा तोकोन ताएकेंचा. ताएके म्हणजे अपाचा सख्खा भाऊ, सहा फूट उंच, घोड्यावर बसल्यासारखा चालणारा माणूस, आणि त्यांच्या यकृतात सात सेंटीमीटरचा फोड. मेंढ्यांमध्ये आयुष्य गेलेल्या कितीतरी जणांच्या पोटात असतो तसा. कुत्र्याच्या पोटातल्या किड्याची अंडी हाताला लागतात, हात तोंडाला लागतो, आणि मग वर्षानुवर्षं आत एक फुगा वाढत राहतो, काही न बोलता. सर्जननं ऑपरेशनची तारीख दिली होती: हा सोमवार, सकाळी आठ. पण ताएके दर उन्हाळ्यात सुसामिरच्या कुरणातून एक कडू पाला आणतात आणि त्याचा काढा दिवसातून तीनदा पितात. त्यांचं म्हणणं, त्यानं फोडाभोवती जाड भिंत होते आणि किडा आतल्या आत गुदमरतो. "तुझ्या त्या उंदरांना पाज गं भाचीबाई, बघ काय होतं," हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी पाजला, पाहिलं, फोटो काढला, पहिली आले. ताएकेंनी तो फोटो मोठा छापून घेतला, आपल्या बैठकीच्या खोलीत लावला आणि जाहीर केलं की आता सुरीची गरज नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे: "ही भिंत बघा. विज्ञानानं सिद्ध केलीय. आमच्या आयझिरेकनं." गेल्या रविवारी मी त्या फोटोसमोर बसून तीन कप चहासोबत मूठभर बोरसोक खाल्ले होते, तळलेल्या पिठाचे ते फुगीर तुकडे, आणि कान गरम होईपर्यंत सुखात होते. आता ते आठवलं आणि बोरसोकचं जुनं तेल घशाशी आलं. फोड फुटला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. हेही मीच त्या अकरा जणांना सांगितलं होतं, आवाज जरा खाली आणून, परिणाम व्हावा म्हणून.

मी लॅबच्या जिन्यातूनच उल्कान-एजेंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग इतक्या मायेनं बोलल्या की मला फोन भिंतीवर पुसावासा वाटला. "सोन्या, असं होतं. माझ्याही लक्षात आलं नाही, मी कबूल करते. राष्ट्रीय फेरी पंधरा दिवसांवर आलीय. ती होऊ दे. मग उन्हाळ्यात सशाची अँटिबॉडी मागवू आणि सगळं नव्यानं करू. कदाचित भिंत असेलही खरंच! आत्ता गावभर सांगून काय मिळणार? तुझं नाव जाईल, शाळेचं जाईल, लॅबचं जाईल." मी म्हटलं, एजे, माझे ताएके ऑपरेशनला जात नाहीयेत. "ते प्रौढ आहेत, आयझिरेक. शाळकरी मुलीच्या प्रोजेक्टवर कुणी ऑपरेशन ठरवतं का? त्यांना डॉक्टरांशी बोलायला सांग." म्हणजे शहरात पहिली येताना मी संशोधक, आणि आता शाळकरी मुलगी. सगळ्यात घाण गोष्ट ही, की ते ऐकून मला बरं वाटलं. खांद्यावरून कुणी ओलं जोखड उचलावं तसं. मी घरी जाईपर्यंत, त्या कोंदट मार्श्रूत्कामध्ये, म्हणजे आमच्या शहरभर धावणाऱ्या लहान व्हॅनमध्ये, ओल्या लोकरीच्या वासात दाबून उभी असताना, ते बरं वाटणं चघळत होते. ते प्रौढ आहेत. ते प्रौढ आहेत. घर येईपर्यंत त्याची चव गेली होती आणि नुसता चोथा तोंडात राहिला होता.

रविवारी ताएके मेंढा घेऊन आले. माझ्या पहिल्या नंबरासाठी. आधीच कापायचा होता, पण डोंगरातून मेंढा आणायचे रस्ते बर्फानं बंद होते, म्हणून आज. आमच्या पाचमजली इमारतीच्या मागे गॅरेजांची रांग आहे, तिथं बाह्या सरसावून त्यांनी आणि माझ्या वडिलांनी मेंढा सोलला, आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बघत राहिले. लाल बर्फ. वाफ. कातडं अंगापासून सुटताना होणारा तो ओल्या कापडासारखा आवाज, आणि कातडं आणि मांस यांच्यामध्ये ताणली जाणारी पांढरी चिकट जाळी. कोलाजेन, मी मनात म्हटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. मग ताएकेंनी यकृत बाहेर काढून तळहातावर तोललं आणि थांबले. तिथूनही मला दिसलं: दोन पांढुरके फोड, डोळ्यांसारखे वर आलेले. "अरे, हा तर माझाच भाऊ निघाला!" ते वडिलांना म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. "बिचारा, याला कुणी काढा दिला नाही." आणि यकृत त्यांनी मागे न बघता गॅरेजच्या कडेला बांधलेल्या कुत्र्यापुढे टाकलं. चपाक. कुत्र्यानं दोन घासांत संपवलं. माझ्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं: रोगट यकृत कुत्र्याला टाकू नका, जाळा किंवा पुरा; ताएके पहिल्या रांगेत बसून त्यावर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मी बाल्कनीतून ओरडायला हवं होतं. माझा हात तोंडावर होता. कधी गेला, कळलं नाही. हातमोज्याची लोकर दातांत आली तेव्हा कळलं.

मांस शिजायला चार तास लागतात. चार तास घरभर तो वास, मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीचा, ओशट, गरम, पडद्यांत आणि केसांत शिरणारा. काचांवर आतून घाम. मी अभ्यासाच्या खोलीत पडून राहिले आणि ताएकेंचं यकृत डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, पण दर वेळी गॅरेजपाशी तळहातावर धरलेलंच दिसायचं. कदाचित एजे म्हणाल्या तशी भिंत असेलही. कदाचित. मी या शब्दाकडे कुशीवर वळून वळून बघितलं. कदाचित असेल म्हणून माणूस पोटात सात सेंटीमीटरचं पाणी घेऊन फिरतो, मेंढे उचलतो, हसतो. अपा दोनदा डोकावली. "काय गं, तोंड का असं? सगळा थाट तुझ्यासाठी चाललाय आणि तू मेल्यासारखी पडलीस! ऊठ, केस विंचर, ताएकेंच्या शेजारी बसायचंय तुला." मी उठले, केस विंचरले. केसांनाही मेंढ्याचा वास.

तीन वाजता सगळे बसले: ताएके, अपा, वडील आणि अपाच्या दोन मैत्रिणी. हातावर पाणी झालं. वडिलांनी मांस वाटलं, आमच्यात वाटतात तसं, ज्याचं त्याला ठरलेलं हाड, थोरल्याला थोरलं. ताएकेंना जाम्बाश, म्हणजे कमरेचं हाड, भरपूर मांस लगडलेलं, आणि वर मेंढ्याचं डोकं, कारण ते मानाचे. त्यांनी डोकं हातात घेऊन फिरवलं, सुरीनं कान अलगद कापला आणि माझ्यापुढे धरला. "घे. हा तुझा. आजपासून सगळ्यांचं ऐकायचं बंद, आता सगळ्यांनी तुझं ऐकायचं!" मैत्रिणी हसल्या. कान माझ्या तळहातावर पडला, कोमट, भाजलेल्या केसांचा वास असलेला, आत ती करकरीत कूर्चा. ताएके जाम्बाश दोन्ही हातांनी उचलत होते. सर्जननं दिलेला कागद मी महिनाभरापूर्वी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता; त्यावर होतं, आदल्या दिवशी दुपारपासून मांस नको. हाड त्यांच्या तोंडाशी पोचलं होतं, चरबीचा थेंब कोपराकडे ओघळत होता.

"ताएके, खाऊ नका."

"का गं? तुला हवाय का जाम्बाश? एवढ्यात?"

"उद्या ऑपरेशन आहे तुमचं."

"आयझिरेक!" अपा म्हणाली. "जेवताना काय हे!"

"फोटो खोटा आहे," मी म्हटलं. आवाज विचित्र आला, पण आला. "म्हणजे फोटो खरा आहे, पण भिंत नाही त्यात. मी चुकीची अँटिबॉडी वापरली. काल कोरी काचसुद्धा तशीच तपकिरी झाली. आणि तुमच्या काढ्याच्या काचा मी जास्त वेळ ठेवल्या, रंग यावा म्हणून. मला यायला हवा होता तो."

कुणी चावत नव्हतं. ताएकेंनी हाड खाली ठेवलं नाही, तसंच हवेत धरलं. "म्हणजे भिंत नाही?"

"असेल किंवा नसेल. माझ्या फोटोवरून कळत नाही."

"मग फोटोत आहे तरी काय?"

"उंदीर," मी म्हटलं. "नुसता उंदीर, ताएके."

अपाच्या एका मैत्रिणीला हसू आलं आणि तिनं ते चहाच्या वाटीत लपवलं. ताएकेही हसले, पण ते हसणं अर्ध्यात थांबलं, जिन्यात पायरी नसावी तसं. "मी तीन आठवडे उंदराकडे बघून काढा ढोसतोय?" मग आवाज चढला. "शहरात पहिली आलीस ना तू? टाळ्या पडल्या ना? मी होतो तिथं! कशाबद्दल आलीस मग?"

"याच्याबद्दलच."

"परत देणार ते बक्षीस?"

"हो. उद्या शाळेत सांगणार."

"वेडी आहे," ते अपाला म्हणाले, मी तिथं नसल्यासारखं. "गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं?" अपाचं तोंड पांढरं पडलं होतं; ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या मेणकापडाची कडा नखानं खरवडत होती. मी ताएकेंचे हात बघितले. एवढे मोठे हात, सकाळी मेंढा उलटा करणारे, आणि हाडाचं टोक त्यांच्यात बारीक हलत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस भ्यालेला आहे. आधीपासून, सर्जनकडे गेला त्या दिवसापासून, कदाचित त्याहून आधीपासून. आणि माझा फोटो त्यांनी भिंतीवर कौतुकानं लावलाच नव्हता, दार बंद करतात तसा लावला होता. त्या कोमट कानाची, ओशट टेबलाची, माझ्या पहिल्या नंबराची, सगळ्याची मळमळ एकदम वर आली, आणि मी ती गिळली. उठून गेले असते तर ताएकेंनी घास घेतला असता.

त्यांनी जाम्बाश ताटात ठेवला. ताट पुढे सरकवलं. रुमालानं एकेक बोट पुसलं, सावकाश, जणू सगळ्यांना बघायचं असेल तर बघू दे. "सकाळी किती वाजता म्हणाले होते?"

"आठ."

"बांध हे," ते म्हणाले. अपा उठायला लागली तसं त्यांनी तिला हातानं बसवलं. "तिला बांधू दे."

मी प्लास्टिकची पिशवी आणली. चरबी आतापर्यंत गोठून पांढरी झाली होती, मेणासारखी, बोटांना धरून बसत होती. मी हाड पिशवीत घातलं, हवा दाबून काढली. "नाव लिही वर," ताएके म्हणाले, "नाहीतर तुझा बाप परवापर्यंत फस्त करेल." वडील हसले नाहीत. मी दप्तरातून काळा मार्कर काढला, गुडघ्यावर पिशवी धरली आणि लिहिलं: तोकोन, जाम्बाश. आणि हातानं सवयीनं पुढे तारीखही घातली, लॅबमधल्या डब्यांवर घालते तशी, दिवस, महिना, वर्ष.

ताएकेंनी मान वाकडी करून वाचलं.

"तारीख कशाला?" ते म्हणाले. "खराब व्हायच्या आत येईन की मी."